गाडी ‘लोअर’ करायची म्हणजे काय? सस्पेन्शन, वळणे आणि आपली मुले



मंडळाच्या कार्यक्रमाला आलो, की पार्किंगमध्ये कॅमरी, अकॉर्ड आणि मिनीव्हॅनच्या रांगेत एखादी तरी गाडी अशी दिसते, की जिचे मडगार्ड चाकांवर जवळजवळ टेकलेले असते. गाडी बहुधा आपल्यापैकीच कुणाच्या तरी मुलाची किंवा मुलीची असते. २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला आणि जुन्या होंडा सिव्हिकला नवे भाव आले. तेव्हाची मुले आता स्वतः आई-बाबा झाली, पण हौस काही ओसरलेली नाही.

घरोघरचा संवाद साधारण सारखाच असतो. मुलगा म्हणतो, “बाबा, स्प्रिंगा बदलल्या की गाडी वळणावर रस्त्याला चिकटून चालते.” बाबा म्हणतात, “चांगली गाडी बिघडवायचे धंदे आहेत.” आई विचारते, “पण आजीला त्यात बसता येईल का?” गंमत म्हणजे तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमच्यापैकी काही जण गाड्यांच्या धंद्यात आहेत, काही नुसतेच हौशी. गाडी खाली केल्यावर तिच्या चालण्यात नेमका काय फरक पडतो, ते आम्ही येथे साध्या मराठीत आणि थोड्या हिशेबासह मांडत आहोत. सोयीसाठी हिशेबातली गाडी एकच धरली आहे: वजन १३०० किलो, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर. आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक गाडीचे थोडे निराळे येतील, पण दिशा तीच राहील.

स्प्रिंग काय करते?

गाडीची बॉडी चार स्प्रिंगांवर बसलेली असते. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर-खाली होते, स्प्रिंग दबते-सुटते आणि बॉडी शक्यतो जागेवर राहते. दबलेली स्प्रिंग झोपाळ्यासारखी हेलकावे घेत राहू नये म्हणून शेजारी शॉक ॲब्सॉर्बर असतो. तो हालचालीला आवर घालतो. चाक फार वर गेले तर धातूवर धातू आपटू नये म्हणून शेवटी एक रबरी ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक इकडे-तिकडे भटकू नये म्हणून त्याला धरून ठेवणारे दांडे असतात, त्यांना आर्म म्हणतात.

गाडी लोअर करणे म्हणजे बॉडी चाकांच्या तुलनेत खाली आणणे. चाके तिथेच राहतात, रस्ता तिथेच राहतो. फक्त मधले अंतर कमी होते आणि त्याबरोबर सगळ्या दांड्यांचे कोन बदलतात. पुढची सगळी कथा या एका वाक्यात आहे.

खरा फायदा: गुरुत्वमध्य खाली येतो

कडब्याने उंच भरलेली बैलगाडी वळणावर कशी कलते ते आपण पाहिले आहे. तेच वजन धान्याच्या पोत्यांचे असेल आणि तळाशी असेल, तर गाडी बिनघोर वळते. भार जितका उंच, तितका वळताना तो बाहेरच्या चाकांवर जास्त सरकतो.

आपल्या नमुन्याच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेमी उंचीवर आहे असे समजा. साध्या टायरांच्या पकडीच्या टोकाजवळ, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ती वळत आहे. सरकणारा भार काढायचा तर वजनाला ०.८ ने गुणायचे, उंचीने गुणायचे आणि चाकांमधल्या अंतराने भागायचे. उत्तर येते सुमारे ३६७ किलो. म्हणजे सरळ जाताना दोन्ही बाजूंना ६५० किलो असतात, तर वळणावर बाहेरच्या बाजूला १०१७ आणि आतल्या बाजूला २८३.

आता गाडी ३ सेमी, म्हणजे सुमारे सव्वा इंच खाली केली. सरकणारा भार ३४७ किलो झाला. फरक २० किलोंचा, म्हणजे ६ टक्क्यांच्या आत. तोही पूर्ण मिळत नाही, कारण चाके, ब्रेक आणि टायर यांचे वजन खाली येत नाही.

भार कमी सरकला तर पकड का वाढते? टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून बाहेरच्या टायरवर लादलेल्या भारातून जेवढी पकड मिळते, त्याहून जास्त आतल्या टायरकडून हरवते. भार चारही टायरांवर जितका सारखा वाटलेला असेल, तितकी एकूण पकड जास्त. मुलांचे म्हणणे येथे बरोबर आहे. फायदा खरा आहे, पण लहान आहे.

किती लहान, त्याचे एक घरगुती माप सांगतो. याच गाडीच्या टपावर ५० किलो सामान बांधले, तर गुरुत्वमध्य सुमारे साडेतीन सेमीने वर जातो. म्हणजे स्प्रिंगा बदलून जे कमावले, ते टपावरच्या दोन बॅगांनी व्याजासकट परत घेतले. लांबच्या प्रवासाला जाताना जड सामान डिकीत आणि हलके टपावर, हा नियम प्रत्येक कुटुंबाला फुकटात लागू करता येतो.

गाडी उलटण्याच्या भीतीने कुणी लोअर करत असेल तर तेही तपासून पाहावे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए यासाठी एक साधे गुणोत्तर वापरते: चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. साध्या प्रवासी गाड्यांचा आकडा बहुतेक १.३० ते १.५० असतो, उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचा १.०० ते १.३०. आपल्या नमुन्याच्या गाडीचा १.४१ येतो. तिची पकड ०.८ ला संपते, म्हणजे सपाट कोरड्या रस्त्यावर अशी गाडी उलटण्याआधी घसरते. ज्या गाडीला उलटण्याचा धोका मुळातच कमी, तीच आपण खाली करायला निघतो.

मोठा गैरसमज: गाडी झुकत नाही म्हणजे पकड वाढली

लोअरिंगच्या स्प्रिंगा जवळजवळ नेहमी मूळच्यापेक्षा कडक असतात. त्यामुळे वळणावर बॉडी कमी कलते, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते असे वाटते, चालवणारा खूश होतो. पण वरच्या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठे आला का? नाही आला. एकूण किती भार बाहेर सरकणार हे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधले अंतर ठरवतात. बॉडी कलली काय, न कलली काय, सरकणारा भार जवळजवळ तोच.

स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार ठरवतात ते हे, की सरकलेल्या भारातला किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्यांनी. पुढची बाजू फार कडक केली तर पुढचे टायर आधी हरतात आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. मागची बाजू फार कडक केली तर मागचे टायर आधी सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. कंपन्या साध्या गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकाराकडे झुकत्या ठेवतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि अशी गाडी त्याला सांभाळून घेते. दुसऱ्या प्रकारात पाय काढला की काम आणखी बिघडते. नवशिक्याच्या गाडीत हा तोल हलवणे ही लोअरिंगमधली सर्वांत गंभीर गोष्ट आहे, आणि बाहेरून ती अजिबात दिसत नाही.

बॉडी खाली, पण कलण्याचा केंद्रबिंदू त्याहून खाली

आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते: खाली एक आर्म आणि वर उभा स्ट्रट. वळताना बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. त्याची जागा या आर्मच्या आणि स्ट्रटच्या कोनांवरून ठरते.

मूळ उंचीला खालचा आर्म साधारण आडवा असतो किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली केली की तो चाकाकडे चढता होतो. आम्ही आपल्या नमुन्याच्या गाडीची आकृती कागदावर काढून मोजले. बॉडी ३ सेमी खाली आली, तेव्हा रोल सेंटर जमिनीच्या ५ सेमी वर होते ते जमिनीच्या जवळजवळ ३ सेमी खाली गेले, म्हणजे सुमारे ८ सेमी उतरले. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतले अंतर ४८ सेमी होते, ते सुमारे ५३ झाले. बॉडीला कलवणारा हा टेकू जितका लांब, तितकी बॉडी जास्त कलते.

याचा अर्थ असा, की मूळच्याच कडकपणाच्या स्प्रिंगा वापरून अशी गाडी खाली केली, तर पुढची बाजू आधीपेक्षा कमी नव्हे, थोडी जास्तच कलायला बघते. कडक स्प्रिंगांचा बराच वाटा मग हे नुकसान भरून काढण्यातच खर्च होतो. रेसच्या गाड्या खाली असतात हे खरे, पण त्यांचे आर्म आणि सांधे त्या उंचीसाठीच आखलेले असतात. आपण फक्त उंची उचलून आणतो, आखणी तिकडेच राहते.

चाकांचे कोन: कँबर, टो आणि बंप स्टिअर

समोरून पाहिले असता चाक उभे नसून वरच्या बाजूने आत कललेले असेल तर त्याला निगेटिव्ह कँबर म्हणतात. थोडा असा कोन वळणावर उपयोगी पडतो, कारण बॉडी कलली तरी बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. गाडी खाली केली की हा कोन बहुधा वाढतो. १९८८ ते २००० या काळातल्या होंडा सिव्हिकला पुढे डबल विशबोन होते, त्यात हे चटकन दिसे. २००१ च्या मॉडेलपासून सिव्हिकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आला. कँबर फार वाढला, तर सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेवर चालतो आणि जोरात ब्रेक मारताना रबराचा पूर्ण पट्टा रस्त्याला लागत नाही.

वरून पाहिले असता दोन्ही चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली असतील तर तो टो. टायर खाण्यात कँबरपेक्षा टोचा हात मोठा असतो. पाय वाकडे टाकत चालणाऱ्याची चप्पल जशी एका बाजूने झिजते, तसेच हे.

तिसरी गोष्ट बंप स्टिअर. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि खालचा आर्म हे दोघे मूळ उंचीला एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात, म्हणजे चाक वर-खाली झाले तरी ते स्वतःहून वळत नाही. उंची बदलली की दोघांची जोडी फिस्कटू शकते. मग स्टिअरिंग स्थिर धरले असतानाही उंचवट्यावर चाक किंचित आपले आपण वळते. फ्रीवेवर ६५ मैलांच्या वेगाने पुलाच्या जोडावरून जाताना गाडी एकदम एका बाजूला ओढल्यासारखी झाली तर संशय येथे घ्यावा.

पालकांसाठी यातली सर्वांत महत्त्वाची सूचना: लोअर केलेल्या गाडीचा टायर बाहेरून पाहून चांगला ठरवू नका. आतली कड स्टिअरिंग पूर्ण फिरवल्याशिवाय दिसत नाही आणि मागच्या चाकांची तर वाकून, टॉर्च लावूनच पाहावी लागते. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून दोऱ्यांपर्यंत झिजलेला असू शकतो. पहिल्या मोठ्या पावसात ते कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

चाकाला हलायला जागा किती उरली?

समजा मूळ गाडीत चाकाला बंप स्टॉपला लागेपर्यंत वर जायला ८ सेमी जागा होती. ३ सेमी खाली केल्यावर ५ सेमी उरली. तोच खड्डा, तोच धक्का ५ सेमींत जिरवायचा तर, शॉक ॲब्सॉर्बरचा वाटा बाजूला ठेवून, स्प्रिंग अडीच पटीहून जास्त कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या रस्त्यावरच्या स्प्रिंगा इतक्या कडक नसतात. असत्या तर गाडीत बसवले नसते. म्हणून उरलेले काम बंप स्टॉपवर पडते.

बंप स्टॉप लागला की त्या कोपऱ्यातले सस्पेन्शन क्षणात दगडासारखे होते. सरळ रस्त्यावर तो नुसता धक्का. भर वळणात मात्र गोष्ट वेगळी. पुढचा बाहेरचा कोपरा टेकला तर गाडी वळायची थांबते. मागचा टेकला तर मागची पकड एकदम सुटू शकते. एरवी सुरेख वळणारी गाडी एका ठराविक खड्ड्यापाशी दगा देते, त्याचे कारण बऱ्याचदा हे असते.

आता यात कुटुंब बसवा. मागे आजी, आजोबा, एक भाचा, आणि डिकीत चार दिवसांच्या अधिवेशनाचे सामान. एवढ्या वजनाने गाडीचा मागचा भाग काही सेंटिमीटर दबतो. उरलेल्या पाचांतले किती उरले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एकटा मुलगा बसला असताना उत्तम चालणारी गाडी भरलेली असताना पूर्ण वेगळी गाडी असते. आणि आईचा प्रश्नही रास्तच आहे. बसण्याची जागा दीड-दोन इंच खाली गेली की गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना तो फरक चांगलाच जाणवतो.

थंड राज्यांत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. रस्त्यातले पाणी गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि मार्चपर्यंत रस्त्याची चाळण होते. लोअरिंगबरोबर मुले मोठ्या रिम आणि बारीक कडेचे टायरही घेतात. जागा कमी, रबर कमी. मग खड्डा थेट रिमवर हिशेब चुकता करतो.

खाली करण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग स्प्रिंग कापण्याचा. फुकट आहे आणि सर्वांत वाईट आहे. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती कडक होते: सहा चालते वेढे होते, एक कापला, तर कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. ते फारसे वाईट नाही. वाईट हे, की कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबकळले की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. काही जण स्प्रिंग टॉर्चने तापवून बसवतात. त्याने पोलादाचे पाणीच उतरते. ही दोन्ही कामे केलेली जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तरी घेऊ नये.

दुसरा मार्ग तयार लोअरिंग स्प्रिंगांचा. नावाजलेल्या कंपनीच्या, त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या, दोन-तीन सेमी खाली करणाऱ्या स्प्रिंगा असतील तर रोजच्या वापराला चालतात. मात्र कडक स्प्रिंगला आवर घालायला मूळचा शॉक ॲब्सॉर्बर कमी पडतो. आधीच पन्नास-साठ हजार मैल चाललेला असेल तर फारच. मग गाडी उंचवट्यानंतर उसळत राहते, आणि उसळणारा टायर ना वळतो, ना थांबतो. खर्च स्प्रिंगांचा धरू नये, स्प्रिंग आणि शॉक दोन्हींचा धरावा.

तिसरा मार्ग कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग व शॉक एकत्र आणि उंची कमी-जास्त करण्याची सोय. चांगले महाग असतात, स्वस्त असतात ते चांगले नसतात. सोय आहे म्हणून गाडी तळाला नेऊन ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

चौथा मार्ग एअर सस्पेन्शन. हवेच्या पिशव्यांनी उभी गाडी जमिनीला टेकवता येते आणि चालवताना वर उचलता येते. यात नळ्या, झडपा, पंप आले, म्हणजे देखभाल आली.

घरच्या ड्राइव्हवेत हे काम करणाऱ्यांना कळकळीची विनंती. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड शक्ती साठलेली असते आणि ती सुटली तर हात-तोंड पाहत नाही. योग्य स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर काम गॅरेजला द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली स्टँड लावाच. आणि आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीला कसा. हवेत कसले तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

थोडा इतिहास

गाडी खाली करण्याची सगळीच परंपरा वेगासाठी नाही. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर लोरायडर गाड्या फुलल्या. त्यांचा उद्देश खाली बसून सावकाश मिरवणे हा होता. १९५८ साली कॅलिफोर्नियाने चाकाच्या रिमच्या तळापेक्षा बॉडीचा कोणताही भाग खाली आणण्यास बंदी केली. त्यावर रॉन अगिरे यांनी १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली! ती बंदी १ जानेवारी २०२४ पासून उठली. ज्याला मिरवायचे आहे त्याने मिरवावे, त्यात वाईट काही नाही. फक्त मिरवण्यासाठी केलेल्या गाडीला वेगाची गाडी समजू नये.

कायदा, विमा, वॉरंटी

उंचीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, कुठे बंपरच्या उंचीवर बोट, कुठे दिव्यांच्या. आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा. विमा कंपनीला बदल कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे: बाहेरचा भाग लावला एवढ्यानेच सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. पण त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर तो खर्च आपला.

दिव्यांचेही पाहा. मागची बाजू पुढच्यापेक्षा ५ सेमी जास्त खाली गेली, तर साधारण २.६ मीटर लांबीच्या व्हीलबेसवर दिव्याचा झोत २५ फुटांवर सुमारे १५ सेमी वर चढतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारे कॅमेरे आणि रडार मूळ उंची धरून जुळवलेले असतात. उंची बदलल्यावर ते पुन्हा जुळवावे लागतात का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. अमेरिकेत १ सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या सर्व हलक्या गाड्यांना ईएससी सक्तीचे आहे. ते घसरणारी गाडी सावरायला मदत करते, पण टायरकडे नसलेली पकड तेही आणू शकत नाही.

घरी विचारायचे सात प्रश्न

सरसकट “नाही” म्हटले, तर काम मित्राच्या गॅरेजमध्ये कापलेल्या स्प्रिंगांनी होते. त्यापेक्षा मुलांबरोबर बसून हे प्रश्न विचारावेत:

१. किती खाली करणार? ३ सेमीच्या पुढे असेल तर कोन सुधारणारे भाग घेणार आहेस का?
२. शॉक ॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगांना जुळणारे आहेत का?
३. पुढच्या-मागच्या स्प्रिंगा एकाच संचातल्या आहेत ना?
४. काम कोण करणार?
५. नंतर अलाइनमेंट केव्हा? लगेच एकदा, आणि स्प्रिंगा बसल्या की काहीशे मैलांनी पुन्हा.
६. चार माणसे व सामान भरून, स्टिअरिंग पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का ते पाहिले का?
७. त्याच पैशांत चांगले टायर आले असते, त्याचा विचार केलास का?

सातवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाडी रस्त्याला धरते ती तळहाताएवढ्या चार रबरी ठिपक्यांनी. उत्तम टायर, योग्य हवा, सुस्थितीतले शॉक आणि बरोबर अलाइनमेंट यांनी वळणे आणि ब्रेक दोन्ही सुधारतात, कोन बिघडत नाहीत आणि आजीलाही त्रास होत नाही. त्यावर ज्याला हौस उरते, त्याने बंद ट्रॅकवर जाऊन शिक्षकाबरोबर एक दिवस चालवावे. त्या एका दिवसात स्वतःच्या हाताचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही स्प्रिंगने येत नाही.

एवढे सगळे पाहूनही मुलाला गाडी दोन-तीन सेमी खाली करायची असेल, चांगले भाग घेऊन, नीट बसवून, तर करू द्यावी. निदान आता बाबांना काय तपासायचे ते ठाऊक आहे.

या विषयावर आपले काही प्रश्न असतील किंवा कुणाला अधिक माहिती असेल तर जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये भेटूच. टायरची आतली कड पाहायला टॉर्च आम्ही आणतो!